किती देते?

मराठीत गाडी ‘ॲव्हरेज देते’. गाय दूध देते, झाड फळ देते, त्याच क्रियापदाच्या आधाराने गाडी लिटरमागे अमुक किलोमीटर देते. आणि ज्या अर्थी ती देते त्या अर्थी ते तिच्या पोटात आधीपासून असलेच पाहिजे, आपण फक्त काढून घ्यायचे, अशी एक समजूत या वाक्यरचनेत दडलेली आहे. ‘सरासरी’ हा फारसीतून आलेला शब्द आपण पावसाला लावतो, परीक्षेच्या गुणांना लावतो, क्रिकेटपटूच्या धावांना लावतो. गाडीला मात्र तो कोणी लावत नाही. गाडीची सरासरी म्हटले की ती कोणत्या आणि किती प्रवासांची, असा प्रश्न उद्भवतो. ‘ॲव्हरेज’ म्हटले की उद्भवत नाही. आम्ही मराठीचे अध्यापक. शब्दाकडे आधी पाहायचे आणि वस्तूकडे नंतर, ही आमची व्यावसायिक खोड. असे असूनही हा साधा शब्द आम्हांला वेळेवर दिसला नाही, आणि त्याची किंमत डिझेलच्या रूपाने व अन्य रूपानेही मोजावी लागली. ती हकीकत येथे सांगायची आहे.

या लेखातील ‘आम्ही’ आदरार्थी नाही, संख्यावाचक आहे. एकाच घरात राहणारे, एकाच विषयाचे हे दोन अध्यापक आहेत. कोण काय म्हणाले हे सांगणे जेथे अपरिहार्य झाले तेथे ‘आमच्यापैकी एक’ असे लिहिले आहे. आपापले वाक्य आम्ही दोघांनीही ओळखले आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांविषयी वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक उभे राहते. वडशाहून, म्हणजे देसाईगंजहून, कंपन्यांच्या गाड्या निघतात. नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीची थोडीबहुत वार्ता बाहेर गेली. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी जे केले ते विद्यापीठीय वर्तुळात ठाऊक आहे. परंतु नाटकाची संहिता म्हणून जी वस्तू असते ती अजून बरीचशी वह्यांमध्येच आहे. शंभर पानी, दोनशे पानी, हाताने लिहिलेल्या, तेलकट बोटांचे डाग पडलेल्या या प्रॉम्प्टरच्या वह्या. त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, एवढीच आमची योजना होती. केंद्र ठरले अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी. आमच्या एका विद्यार्थ्याचे ते गाव. महाविद्यालयाने रजा दिली आणि शुभेच्छा दिल्या. पैशाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

नाटक पहाटे संपते, वही दाखवणारा माणूस दुपारी झोपून उठतो, आणि मधल्या वेळात पाहुण्याने कोठे राहायचे हा प्रश्न असतो. विद्यार्थ्याच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे. तेव्हा नागपुरातील एका निवृत्त अभियंता स्नेह्यांनी आपली गाडी देऊ केली. सतरा आसनांची जुनी डिझेल गाडी घेऊन, आसने काढून, त्यांनी तिच्यात दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, फ्रीज, एका माणसापुरते स्नानगृह आणि छतावर सौरपट्टी असे सगळे बसवले होते. शासनाच्या २०२१ च्या पर्यटन धोरणात अशा वाहनाला कॅरॅव्हॅन म्हटले आहे. इंग्रजीत मोटरहोम म्हणतात. आम्ही तिला घरगाडी म्हणू लागलो. दाराच्या आतल्या बाजूस त्यांनी सूचनांचा एक कागद चिकटवला होता: गॅस बंद करणे, पाण्याची कळ फिरवणे, चाकांत हवा किती, वगैरे. शेवटच्या ओळीत लाल शाईने लिहिले होते, ‘ॲव्हरेज ११’.

त्या अकरावर आम्ही सारे अंदाजपत्रक उभे केले. हंगामाच्या डिझेलसाठी घरखर्चातून तीस हजार रुपये बाजूला काढले होते. डिझेल नव्वदीच्या वर. तीस हजारांत सव्वातीनशे लिटर. अकराने गुणले की साडेतीन हजार किलोमीटर. नागपूर-केशोरी जाणे-येणे आणि तेथील फिरणे मिळून सहाशे धरले, तर सहा फेऱ्या. सहा फेऱ्यांत किती गावे, किती वह्या, याची यादीसुद्धा आम्ही केली. प्रकल्प-प्रस्ताव लिहिण्याची सवय झालेल्या माणसाला यादी झाली की निम्मे काम झाल्यासारखे वाटते.

पहिली फेरी २०२४ च्या डिसेंबरात झाली. नागपूरला टाकी भरली, भंडारा, साकोली करीत कोहमाऱ्याला महामार्ग सोडला आणि नवेगावबांधावरून अर्जुनी मोरगावला पोहोचलो. येथवर एकशे बहात्तर किलोमीटर झाले होते. शहरातली थोडी भटकंती त्यातच आली. अर्जुनीच्या पंपावर पुन्हा टाकी भरली. नळी खट्कन बंद झाली तेव्हा आकडा होता १४.९ लिटर. आमच्यापैकी एकाने तेथेच भ्रमणध्वनीवर भागाकार केला: साडेअकरा! दुसऱ्याने एवढेच म्हटले की, गाडी उतारावर उभी आहे आणि डिझेलला फेस आला आहे. नळी फेसाला भिऊन बंद झाली असेल. या शंकेला त्या वेळी कोणी किंमत दिली नाही. हवा असलेला आकडा मिळाल्यावर माणूस पुन्हा मोजत नाही, आणि आम्हांला तो आकडा फारच हवा होता.

फेरी संपवून नागपूरला आलो, त्याच पंपावर, त्याच सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरली आणि वहीत बेरीज केली. ६१२ किलोमीटर, ८०.४ लिटर. भागाकार ७.६.

अर्जुनीला जे लिटर टाकीत गेलेच नव्हते ते पुढच्या भरण्यात निमूटपणे हजर झाले होते. टाकी ते टाकी मोजण्याची ही पद्धत साधी आहे, पण तिची एक अट आहे: एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही. लांब अंतर घ्यायचे, पंप शक्यतो तोच ठेवायचा, आणि मधला प्रत्येक थेंब लिहायचा. पाठचिकित्सा शिकवताना एका पोथीवरून पाठ ठरवू नये हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

अकराचे साडेसात कसे झाले याचा शोध आम्ही पुढचे आठवडाभर घेतला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात मजा आली. मूळ आकडा कोठला, हे आधी विचारले. स्नेही म्हणाले, रिकामी गाडी घेऊन एकदा वर्ध्याला गेलो होतो. रिकामी म्हणजे पलंग-ओटा बसवण्यापूर्वीची. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारींना तरी निदान परीक्षा असते. पुण्याच्या एआरएआय या संस्थेचे नाव जाहिरातींतून सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रमाणपत्रासाठीच्या चाचणीत गाडी रस्त्यावर नसते; बंद खोलीत, फिरत्या रुळांवर, ठरावीक चढ-उताराच्या वेगाने ती सुमारे वीस मिनिटे चालवतात. वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही, आणि समोर बैल आडवा येत नाही. ज्या युरोपीय चाचणीवरून आपली चाचणी बेतली होती, ती रस्त्यावरच्या अनुभवापासून फार दूर पडते म्हणून युरोपने २०१७ पासून बदलली. पण त्या आकड्याला निदान काही अटी असतात आणि त्या कोठेतरी लिहिलेल्या असतात. घरी सुतार बोलावून बांधलेल्या घरगाडीला कसली आली चाचणी? तिच्यापाशी एक लाल शाईतली ओळ आणि एक वर्धा.

वजन हा पहिला साक्षीदार. अर्जुनीच्या एका राईस मिलच्या वजनकाट्यावर गाडी चढवून पाहिली होती: ३,८६० किलो. त्यात पाण्याची टाकीच शंभर लिटरची, म्हणजे एक क्विंटल पाणी आम्ही तळ्यांच्या जिल्ह्यात नागपूरहून वाहून नेले. इटियाडोहाच्या काठावरून जाताना आमच्यापैकी एकाला हे सुचले आणि मग दोघांनाही पुष्कळ वेळ हसू आवरेना. फ्रीज, जादा बॅटरी, गॅसची टाकी, प्लायवूड, आणि पुस्तके. एका आठवड्यासाठी अठरा किलो पुस्तके घेतली होती. त्यांतले एकही उघडले गेले नाही.

दुसरा साक्षीदार हवा. गाडीची उंची छतावरच्या पेटीसह नऊ फूट, आणि समोरची बाजू भिंतीसारखी सरळ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठच्या जागी ऐंशीने गेले की विरोध पावणेदोन पट होतो. साकोलीपर्यंतच्या चौपदरी रस्त्यावर आम्ही ऐंशीनेच गेलो, कारण रस्ता चांगला होता. अर्जुनीच्या पुढे रस्ता अरुंद होत गेला, तेथे हवेचा प्रश्न उरला नाही. तेथे प्रश्न थांबण्याचा. शाळा, वळण, गाव, धानाच्या पोत्यांची ट्रॅक्टर-ट्रॉली, प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक. स्नेह्यांनी कागदावर मांडून दाखवले की, चार टनांची गाडी साठच्या वेगावरून थांबवून पुन्हा साठवर आणायची तर साधारण पन्नास मिलिलिटर डिझेल लागते. म्हणजे प्रत्येक गतिरोधकावर एक कटिंग चहा. आम्ही गतिरोधक मोजले नाहीत हे बरे झाले.

तिसरा साक्षीदार आम्ही स्वतः. वह्यांची छायाचित्रे रात्री संगणकावर चढवायची, त्यासाठी वीज हवी, आणि जुनी बॅटरी तासाभरात मान टाकी. मग इंजिन सुरू ठेवायचे. गाडी उभी, इंजिन चालू, तीन रात्री, रोज तीनेक तास. ताशी लिटरभर धरले तर नऊ लिटर, आणि त्यांत कापलेले अंतर शून्य. भागाकारात वर शून्य असलेले हे लिटर बाकीच्या लिटरांना निमूटपणे खाली ओढत होते. ते वगळले तर ॲव्हरेज साडेआठ पडते. वगळावेत की नाही यावर आमचे दोन दिवस भांडण झाले. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, ते डिझेल प्रवासाचे नव्हेच, ते घराचे लाईटबिल आहे. दुसऱ्याचे म्हणणे, पैसे एकाच खिशातून गेले.

या भांडणाचा निवाडा खरे तर केशोरीतच होऊन गेला होता; तो आमच्या लक्षात आला नव्हता. नाटकाच्या रात्री कंपनीची बस मैदानामागे उभी होती. कलाकार रंगमंचावर, आणि चालक बसच्या पायरीवर शाल पांघरून बसलेला. मिरचीची फोडणी कोठेतरी जळत होती, सगळे मैदान ठसकत होते. त्याने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावला आणि विचारले,

“किती देते जी सर?”

तोवर आम्ही अकराच्या धुंदीत होतो. अभिमानाने सांगितले. तो काही बोलला नाही. मग त्याच्या बसचे विचारले.

“किलोमीटरचा हिसाब आपल्यापासी नाही जी. वडस्यातून टाकी भरून निंगतो. नाटक होते, सकारी वडस्यात येतो, पुन्हा टाकी भरतो. जितका लागला तितका त्या नाटकाचा. तीस लागो, का चारीस लागो.”

“आणि वाटेत गाडी बंद पडली, नाटक झालेच नाही, तर?”

“तरी त्याच नाटकावर लिवतो. दुसऱ्या कोनाच्या नावावर लिवू?”

त्या रात्री आम्ही हे बोली म्हणून टिपून घेतले. ‘सकारी’ खाली रेघ मारली, ‘ळ’चा ‘र’ झाल्याची नोंद केली. हिशेब म्हणून टिपला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याने सांगितले की, पलीकडच्या एका टोल्यावर एक म्हातारे प्रॉम्प्टर आहेत, चाळीस वर्षे त्यांनी वही धरली, घरात पत्र्याची पेटीभर नाटके आहेत. जाणे-येणे अडतीस किलोमीटर, अर्धा रस्ता कच्चा. आम्ही गाडीचा काटा पाहिला. परतीचे डिझेल पुरेल, पण मग वाटेत पुन्हा भरावे लागेल आणि त्या फेरीसाठी ठरवलेली रक्कम ओलांडेल, असे आमच्यापैकी एकाने म्हटले. दुसऱ्याने विरोध केला नाही. सहा फेऱ्या आहेत, फेब्रुवारीत जाऊ. साडेसातने हिशेब केला तर ते अडतीस किलोमीटर म्हणजे पाच लिटर होतात, साडेचारशे ते पाचशे रुपये. नागपुरात मित्रांसोबत बाहेर जेवलो तर याहून जास्त होतात.

घरी आल्यावर सहा फेऱ्यांच्या चार झाल्या. त्यामुळे दुसरी फेरी आम्ही फार शहाणपणाने आखली. स्नेह्यांच्या परवानगीने फ्रीज उतरवला. छतावरची पेटी काढली. पाण्याची टाकी चतुर्थांशच भरली. पुस्तके नाहीत. चाकांतली हवा थंड चाकावर, सकाळी, मोजून भरली. अर्ध्यामुर्ध्या हवेची चाके रस्त्याला चिकटून चालतात हे आम्हांला एव्हाना कळले होते. महामार्गावर साठ, फार तर पासष्ट. मागून ट्रकवाले भोंगे वाजवीत आणि आम्ही साधूसारखे शांत. समोर गतिरोधक दिसला की लांबूनच पाय काढून घ्यायचा आणि गाडीला तिच्या वेगाने विरू द्यायचे. संगणक विद्यार्थ्याच्या घरी लावायचा. ५९० किलोमीटर झाले, ६४.८ लिटर लागले: ९.१. इतके मन लावून आम्ही प्रबंधही लिहिले नव्हते.

टोल्यावर गेलो तो फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. घर सापडले. अंगणात मोहाच्या झाडाखाली गाडी लावली. म्हातारबा नव्हते, संक्रांतीनंतर मुलगी त्यांना छत्तीसगडात आपल्या घरी घेऊन गेली होती, दिसेनासे झाले होते म्हणून. सुनेने पाणी दिले, चहा दिला. आम्ही पेटीचे विचारले. पेटी होती. तिने उघडूनही दाखवली; आत बी-बियाणे ठेवले होते, कपड्याच्या पुरचुंड्यांत, नीट. कागद? कागदांना उधई लागली होती जी, अर्धे झडलेच होते. सासरे गेल्यावर तिने साफसफाई केली. थंडी होती, अंगणात आगटी पेटायची. एक वही मुलाने चित्रांसाठी मागून घेतली म्हणून राहिली होती, ती तिने आणून दिली. पहिली बारा पाने आणि शेवटची काही नव्हती, मधल्या समासांत निळ्या पेनाने मोटारी काढल्या होत्या. त्या वहीची आम्ही सगळी छायाचित्रे घेतली, मोटारींसकट. त्या बाईंनी काहीही चुकीचे केले असे आम्हांला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. डिसेंबरात कोणी येऊन विचारले असते तर तिने पेटी दिली असती.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. गाडी मात्र सुरेख चालत होती.

मार्चमध्ये होळी झाली, हंगाम संपला. आम्ही वहीत नवा रकाना पाडला, त्या चालकाच्या पद्धतीने. पहिली फेरी: ७.६ चे ॲव्हरेज, चार वह्या मिळाल्या, म्हणजे वहीमागे वीस लिटर. दुसरी फेरी: ९.१ चे ॲव्हरेज, एक वही, तीही अर्धी. वहीमागे पासष्ट लिटर. डिसेंबरातले इंजिन चालू ठेवून जाळलेले नऊ लिटर या रकान्यात आपोआप जागच्या जागी बसले; वगळायचे की धरायचे हा वाद पुन्हा निघाला नाही. ‘३८ किमी, ५ लिटर’ ही ओळ मात्र कोठे बसेना. जाळले नाही ते डिझेल खर्चात कसे धरणार? आमच्यापैकी एकाने ती पहिल्या फेरीखाली लिहिली आणि दुसऱ्याने खोडली नाही. तिच्यामुळे त्या पानाची बेरीज जुळत नाही.

गाडी परत द्यायला गेलो तेव्हा फ्रीज, पेटी सारे जागेवर बसवून, धुऊन-पुसून नेली होती. स्नेह्यांनी चहा ठेवला आणि पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला. आम्ही म्हटले, “या वेळी नऊला थोडी वर.”

“फ्रीज काढून?”

“फ्रीज काढून, पेटी काढून, पाणी काढून, साठच्या वेगाने.”

“तरी वाईट नाही,” ते म्हणाले. चहा होईतो ते गाडीत जाऊन आले. नंतर निघताना पाहिले तर दाराच्या आतल्या कागदावर लाल अकरा खोडून त्यांनी शेजारी ९.१ लिहिले होते, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.